भासऱ्यांची कॉफी

आमच्या भासऱ्यांइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नाही, आणि नागपुरात संताप आणणाऱ्या माणसांची टंचाई कधीच नव्हती. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे हाच शब्द. वरवर पाहिलं तर माणसात खोट काढायला जागा नव्हती. दारू नाही, विडी नाही, पान नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बांधकाम खात्यात नकाशे काढायची नोकरी, आणि हात असा की एकदा ओढलेली रेघ पुसायची वेळ यायची नाही. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे जावेचा ताप नव्हता. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरच्या, कुहीतल्या बायका माझ्या आईला म्हणाल्या होत्या की पोरगी सुखात पडली. त्या बायकांना एकच गोष्ट माहीत नव्हती: या माणसाला कॉफी करता येत होती. नुसती येत होती असं नाही, तर आपल्याशिवाय या मुलखात ती कोणालाही येत नाही असा त्यांचा ठाम ग्रह होता, आणि तो ग्रह त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून एकोणीस वर्षं सांभाळला.

ही विद्या त्यांनी म्हैसूरहून आणली. तरुणपणी खात्याने त्यांना कसल्याशा शिक्षणासाठी सहा महिने तिकडे धाडलं होतं. दुसरा कोणी असता तर चंदनाचा हत्ती आणला असता, आईला एखादं लुगडं आणलं असतं. यांनी आणला एक पितळी फिल्टर आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचं, हाताने फिरवायचं दळणयंत्र. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्याच्या बुडाला सुईने पाडल्यासारखी भोकं. वरच्यात कॉफीची भुकटी दाबून भरायची, तिच्यावर गरम पाणी ओतायचं आणि खाली थेंब थेंब काळा अर्क उतरेपर्यंत वाट पाहायची. त्या अर्काला ते डिकाशन म्हणत, आणि म्हणताना आवाज असा खाली आणत की जणू शेजारच्या खोलीत कोणी पूजेला बसलंय. दुकानात दळून मिळणाऱ्या भुकटीत चिकोरीचं मूळ मिसळतात म्हणून ती घरात यायची नाही. सीताबर्डीच्या एका गल्लीत एक मद्रासी म्हातारा कच्चे दाणे विकायचा. त्याच्याकडून वेचून आणलेले गोल दाणे भासरे दर रविवारी लोखंडी कढईत स्वतः भाजायचे. त्या दिवशी आमच्या सक्करदऱ्याच्या घरातून इतका धूर निघायचा की शेजारी नवीन आलेले भाडेकरू बादली घेऊन धावत यायचे.

माझं आणि त्यांचं वाकडं आलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी. आमच्या माहेरी कॉफी म्हणजे मोठी गोष्ट. जावई आला तर, नाहीतर कोणाला पडसं झालं तर. दूध आटवायचं, त्यात साखर आणि कॉफी घालून चांगली खळखळ उकळायची, वरून जायफळ किसायचं. माझ्या हातच्या जायफळाच्या कॉफीचं कुहीत नाव होतं. सासूबाई म्हणाल्या, मोठ्याले कॉफी लागते, तर मी मनापासून केली, जायफळ चिमूटभर जास्तच किसलं, आणि पेला सपरीत, म्हणजे पुढच्या पत्र्याच्या पडवीत, त्यांच्या स्टुलावर नेऊन ठेवला. भासऱ्यांनी पेला उचलला, नाकाशी नेला आणि तसाच खिडकीत ठेवून दिला. मग माझ्याकडे न पाहता सासूबाईंना विचारलं, "माय, हे औषध कोणासाठी करून राहिले?"

मी दाराआड उभी होते. अठरा वर्षांची होते, हातावरची मेंदी ओली होती म्हटलं तरी चालेल. रडले नाही; मला रडण्याआधी राग येतो, तो माझा स्वभाव आहे. तिथल्या तिथे दोन गोष्टी ठरवल्या. एक, या माणसाच्या हातच्या कॉफीला आपण कधी तोंड लावायचं नाही. आणि दुसरी, याने एक दिवस माझ्या हातची कॉफी घ्यायची आणि चांगली झाली म्हणायची. बाकी संसाराकडून मी फार काही मागितलं नाही. पोरं शिकावीत, छत गळू नये, एवढंच. पण ही एक गोष्ट मला हवी होती, आणि ती मला एकोणीस वर्षं हवीच होती.

आता भांडायचं म्हटलं तर भांडायची सोय नव्हती. आमच्या घराण्यात भावसुनेने भासऱ्यांशी बोलायचं नसतं. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोरासमोर यायचं नाही, वस्तू हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, त्यांनी उचलायची. भासऱ्यांनीही धाकट्या भावाच्या बायकोकडे बघून बोलायचं नाही. ज्याने ही पद्धत काढली त्याने दोघांना एका स्वयंपाकघरात पहाटे उभं राहावं लागेल असा विचार केला नव्हता. त्यामुळे ते भांड्यांशी बोलायचे आणि मी स्टोव्हशी. दुधाच्या पातेल्यापुढे उभं राहून ते विचारायचे, "काहून बावा, तुले कोणी दोनदा उकळलं?" मी इकडे स्टोव्हला पिन मारता मारता त्याला सांगायची की इथं माणसाचा डबा व्हायचा आहे आणि लोकांचं बुडबुडे मोजणं चालू आहे. ते पाण्याच्या भांड्याला म्हणायचे, तू मनावर घेऊ नको, तू तुझ्या वेळेवर ये. ओळखीचं कोणी आलं तर त्यांना वाटायचं, या घरात माणसं कमी आणि भांडी बोलकी. माझा नवरा मध्ये चहाचा कप घेऊन बसलेला असायचा. मी त्याला रात्रंदिवस सांगितलं की तुमच्या भावाला आवरा, आणि त्याने दर वेळी एकच उत्तर दिलं, "मी काय करू वं, तुमी दोघंही खरंच बोलून राहिले."

बुडबुड्यांचं मी उगाच म्हणत नाही. पाणी उकळलं तर कॉफी जळते आणि पाणी कमी तापलं तर कॉफी झोपेतच राहते, असं त्यांचं शास्त्र होतं. भांड्याच्या बुडाशी मोहरीएवढे बुडबुडे आले की तयारी करायची, ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की उतरवायचं. त्याच्या पलीकडे गेलं की ते पाणी मोरीत ओतून दुसरं ठेवायचं. उन्हाळ्यात नळाला धार करंगळीएवढी, आणि हा माणूस चांगलं पाणी मोरीत ओततोय, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पावणेसहा ते साडेसहा स्टोव्ह त्यांचा. नवऱ्याच्या पोळ्या साडेसहानंतर, त्याची सायकल धावत-पळत सातला, आणि त्याच्या कचेरीत उशीर झाल्याची बोलणी माझ्या नावावर. पुढे गॅस आला, दोन शेगड्यांचा. मला वाटलं आता शांतता. तर भासऱ्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही शेगड्या घेतल्या. एकीवर पाणी, दुसरीवर दूध, कारण दूध आणि डिकाशन एकाच क्षणी तयार पाहिजे. मी गॅसला त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सासूबाई गेल्या तोवर त्यांच्या तोंडून मला कळलं होतं की स्वतःची लग्नंही भासऱ्यांनी याच पायी मोडली. एक नाही, चार. बघायला जायचं, मुलगी पसंत पडायची, मग मुलीच्या हातून कॉफी यायची, आणि घरी येऊन हे म्हणायचे, पोरगी सोन्यासारखी आहे, पण त्या घरात कॉफी उकळतात. सासूबाई हे सांगताना कपाळावर हात मारायच्या. मला मात्र त्या चार मुलींचा हेवा वाटायचा, की एका सकाळीच सुटल्या.

साहेबांचीही त्यांनी भीड ठेवली नाही. एकदा त्यांचे मोठे साहेब आमच्याकडे आले, नकाशा पाहायला. भासऱ्यांनी पितळी पेल्यात, वाटीसारख्या दवऱ्यात बसवून, त्यांना कॉफी दिली. साहेबांनी साखर मागितली. दिली. एक चमचा, दोन चमचे. तिसरा चमचा उचलला तसा भासऱ्यांनी हात पुढे करून पेला काढून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "राहू द्या साहेब, तुमाले शरबत करून देतो." साहेब शरबत न पिता गेले. त्याच महिन्यात भासऱ्यांना तीन महिने चंद्रपूरच्या जंगलात रस्त्याच्या मोजणीला पाठवलं. ते तीन महिने स्वयंपाकघर माझं एकटीचं होतं. पोळ्या सहाला तयार, डबा वेळेवर, नवरा खूश. चौथ्या दिवशी दूध उतू गेलं आणि मी सवयीने स्टोव्हला काहीतरी बोलले, तर उत्तर द्यायला कोणी नव्हतं. तेव्हाही मला त्यांचाच राग आला.

माझ्या हातून एक पाप झालं तेही सांगते. कोणीतरी पाहुणे यायचे होते, गिरणी बंद होती, खलबत्त्यातला बत्ता मोडला होता आणि मला मिरे दळून हवे होते. त्या यंत्राकडे मी आधी नुसतं पाहिलं. मग म्हटलं, यंत्रच आहे, देव नाही. वाटीभर मिरे दळले, फडक्याने पुसलं, आणि खरं सांगायचं तर फार मन लावून पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भासऱ्यांनी पहिला घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी दाराआडून वाट पाहत होते की आता तरी हा माणूस माझ्यावर ओरडेल. पद्धत मोडेल, तोंडाने बोलेल, मग मीही बोलेन, पहिल्या सकाळपासूनचं सगळं काढेन. ते ओरडले नाहीत. त्यांनी यंत्र उघडून त्याचा एक एक भाग वर्तमानपत्रावर मांडला, मग जोडून तीन दिवस त्यात कोरडे तांदूळ दळून काढले, आणि शेवटच्या दिवशी ते पुसताना त्याला म्हणाले, "तुयी काई चूक नाई गा." एवढंच. इतकं चांगलं वागून एखाद्याला चिडवायचं कसं हे त्यांच्याकडून शिकावं.

आणि मग माझा टायफॉइड. अठरा दिवस मी खाटेवर. नवऱ्याला चहापलीकडे काही येत नव्हतं, पोरं लहान. स्वयंपाकघर भासऱ्यांनी ताब्यात घेतलं. नकाशा काढावा तसा स्वयंपाक केला माणसाने. भात मोजून, वरण मोजून, पोळ्या मात्र कशाही आकाराच्या, पण वेळेवर. माझं ताट रोज दाराच्या उंबऱ्याशी ठेवून खाकरायचे आणि निघून जायचे. डॉक्टरांनी पातळ काहीतरी चालेल असं सांगितल्यावर एका सकाळी ताटाशेजारी कॉफीचा पेला होता. वास खोलीभर पसरला. तोंडाला चव नव्हती, जीव कशासाठी तरी तळमळत होता. पण मी जायफळाचा तो पेला विसरले नव्हते. भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले आणि ओतून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला, पुन्हा मोरी. तिसऱ्या दिवशीही. मोरीच्या पांढऱ्या फरशीवर तपकिरी ओघळ राहिला होता, आणि संध्याकाळी भासरे वाकून तो फरशी घासायच्या दगडाने घासताना मला दिसले. चौथ्या दिवसापासून पेला आला नाही. त्यांनी घरात कोणाला, भांड्यांनासुद्धा, याबद्दल एक शब्द सांगितला नाही. मी जिंकले होते, आणि असं जिंकून मला इतकं वाईट वाटलं की ताप परत चढला.

ते निवृत्त झाले त्याच थंडीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त बोलता येणार नाही. सपरीच्या आतल्या खोलीत त्यांची खाट टाकली. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. नवरा कचेरीत, पोरं कॉलेजात, घरात मी. पदर, दाराआड उभं राहणं, वस्तू खाली ठेवणं, सगळं एका दिवसात मोडीत निघालं. ज्याला भरवायचं त्याच्यापुढे पदर कसला सांभाळायचा? फिल्टर आणि यंत्र चार दिवस तसंच पडून होतं. पाचव्या दिवशी सकाळी मी ते धुतलं. एकोणीस वर्षं त्या माणसाच्या पाठीमागे उभं राहून मी सगळं पाहिलं होतं. दाणे दळले, भुकटी दाबली, ज्वारीएवढे बुडबुडे आल्याबरोबर पाणी उतरवलं. म्हटलं, आज तो दिवस. आज याला माझ्या हातची घ्यावीच लागेल.

पेला ओठांशी लावला. त्यांनी एक घोट घेतला आणि डाव्या हाताने पेला बाजूला सारला. मला वाटलं गरम असेल. फुंकून दिला. पुन्हा सारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला. मी पेला स्टुलावर आपटला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून त्यांच्याशी बोलले. "काय चुकलं ते सांगा ना जी. एकोणीस वर्षं भांड्यांले सांगितलं, आता मले सांगा." त्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मला बोलायला मोकळीक मिळाली होती ती नेमकी त्यांची वाचा गेल्यावर. असा राग आला मला की देवाच्या कोनाड्याकडे पाठ करून बसले.

मग मी स्वयंपाकघरच त्यांच्या खोलीत नेलं. खाटेशेजारी जुना स्टोव्ह, टेबलाला यंत्र, स्टुलावर फिल्टर. त्यांना उशांना टेकवून बसवायचं आणि एक एक गोष्ट त्यांच्यासमोर करायची. दळताना त्यांचं डावं बोट वर गेलं की थांबायचं. खाली आलं की आणखी. भुकटी दाबताना ते बोट अंथरुणावर हलकेच टेकवायचे, म्हणजे इतकंच दाब. मी आपली धपाधप दाबत होते, पोहे कुटल्यासारखी. पाणी मी चुकीचं तापवत नव्हते, पण ओतत होते चुकीचं, एकदम. त्यांनी बोटाने गोल गोल दाखवलं, कडेने, थोडं थोडं. एवढं करूनही पेला बाजूला सारला जायचाच. एकदा मी थकून म्हटलं, तुम्हाला नुसतं नाही म्हणता येतं, चुकतंय कुठे ते कळू कसं? तेव्हा त्यांनी पेल्याखालचा दवरा ओढला, डाव्या हाताने त्यात घोटभर कॉफी सांडत-लवंडत ओतली आणि दवरा माझ्याकडे ढकलला.

भासऱ्यांच्या भांड्यातलं उष्टं भावसुनेने घेणं आमच्याकडे ऐकिवात नाही. पण मी थबकले ते त्यासाठी नव्हे. मला एकदम लक्षात आलं की या घरात आल्यापासून मी ही कॉफी एकदाही चाखलेली नव्हती. जिची चव माहीत नाही ती वस्तू मी तीन आठवडे हुबेहूब करायचा खटाटोप करत होते. माझ्या हट्टाने माझीच फजिती केली होती, आणि ती त्यांनी न बोलता माझ्यापुढे ठेवली होती. मी दवरा उचलला आणि प्यायले. कडू, आणि मागे राखेसारखं काहीतरी. वाईट होती. मी म्हटलं, दाणे जास्त भाजले का जी? त्यांनी डोळे मिटून उघडले. तेव्हापासून पहिला घोट माझा. वाईट लागली की मीच सांगायचं काय चुकलं, आणि त्यांनी बोटाने हो किंवा नाही. शाळेत मला कोणी इतकं रडवलं नव्हतं. दाणे कच्चे, दाणे करपले, दूध शिळं, दूध पातळ, फिल्टरची कल्हई उडाली. कल्हईवाल्याला मी दोन वस्त्या ओलांडून हुडकून आणलं आणि त्याच्यासमोर बसून करून घेतली. तो माझ्याकडे असा बघत होता जसं आम्ही इतकी वर्षं भासऱ्यांकडे बघायचो.

पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी दवऱ्यातला घोट घेतला. कडू होती, पण तो कडूपणा सरळ होता, आणि गिळल्यावर मागे गोड वास राहत होता, भाजलेल्या तिळासारखा. मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी भान हरपून दुसरा घोट घेतला, तेव्हा त्यांनी गादीवर बोट आपटलं, की माझी द्या. पूर्ण पेला प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत. मी त्यांचं तोंड पुसलं आणि विचारलं, चांगली झाली का? म्हटलं, बोलता नाही येत तर मान हलवा, मान हलते तुमची. मान हलवली नाही. डावं बोट उचललं आणि माझ्या हातातल्या दवऱ्याकडे दाखवलं. म्हणजे, तुम्हीच सांगा. मी तणतणत उठले. एवढ्या वर्षांची माझी एकच मागणी, मान अर्धा इंच हलवायची, आणि या माणसाने ती माझीच माझ्याकडे परत केली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, दादाने पेला तर पूर्ण घेतला ना. मी म्हटलं, तुम्ही चहा प्या.

पुढे दोन महिने चांगले गेले. मी रोज चाखायची, एखाद्या दिवशी जमली नाही तर त्यांच्या हाती न देता परत न्यायची आणि दुसरी करायची. आता ती माझी इभ्रत होती. दिवाळी होऊन गेली. त्या सकाळी गवळी उशिरा आला आणि मी घाईत दूध मोठ्या आचेवर ठेवलं. पेला घेऊन खोलीत गेले तेव्हा ते जागे होते, दाराकडेच बघत होते. डावा हात पांघरुणाबाहेर काढून पुढे केलेला होता. मी दवऱ्यातला घोट घेतला. दूध जरासं लागलं होतं, धुरकट. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, थांबा जी, दुसरी आणते. त्यांचा हात तसाच पुढे होता. मी पेला मागे घेतला.

शेजारणीकडून ताजं दूध आणलं, मंद आचेवर तापवलं, वर येताक्षणी उतरवलं, डिकाशनमध्ये ओतलं. पंधरा मिनिटं लागली असतील. परत गेले तेव्हा तो हात गादीच्या कडेवर उताणा पडला होता आणि डोळे दाराकडे उघडे होते. मी हाक मारली. दोनदा मारली. मग खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. घरात नवरा दाढी करत होता, त्याला आवाज द्यायला हवा होता. पेल्यातून वाफ येत होती. मी त्यातला घोट घेतला, का घेतला ते आजही सांगता येत नाही.

कॉफी अगदी जमली होती. आणि पहिल्यांदा मला त्यांचा नाही, माझाच राग आला. दूध जरा लागलं होतं, एवढंच ना. त्यांनी हात पुढे केला होता, मी देऊन टाकायला हवी होती.